डिशमधलं शून्य: फायब्रोब्लास्टांच्या शेजारी एमसीएफ-७ वाढवताना

शस्त्रक्रियेतून आलेली स्तनाची गाठ कात्रीने कापताना करकर लागते, कच्चा पेरू कापावा तशी. ही करकर कॅन्सरच्या पेशींची नव्हे. त्या सुट्या केल्या तर पिपेटमधून विनातक्रार वर-खाली होतात. कडकपणा येतो तो भोवतीच्या कोलॅजन या चिवट प्रथिनामुळे, आणि ते कोलॅजन विणतात शेजारच्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. म्हणजे बाईच्या हाताला जी गाठ लागते, तिचा बराचसा भाग शेजाऱ्यांनी बांधलेला असतो. महापे एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत आमचं काम याच शेजाऱ्यांवर चालतं: इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणाऱ्या कॅन्सरपेशींना (आमच्याकडे एमसीएफ-७ नावाच्या) त्यांचा शेजार मिळाला की नेमकं काय बदलतं?

पुस्तकातलं चित्र सरळ आहे. इस्ट्रोजेन रक्तातून येतं, पेशीतल्या ईआर या रिसेप्टरला, म्हणजे इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, पेशी विभागते. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच, अंडाशय काढल्यावर स्तनाच्या पसरलेल्या गाठी आक्रसतात हे नोंदवलं होतं. पण पाळी बंद होऊन दहा वर्षं झालेल्या बाईचे अंडाशय केव्हाच थांबलेले असतात, तरी तिची ईआर पॉझिटिव्ह गाठ वाढते. तिचं इस्ट्रोजेन बनतं चरबीत, तिथल्या फायब्रोब्लास्टांतल्या अरोमॅटेज एन्झाइमच्या हातून. कच्चा माल असतो प्रामुख्याने अड्रेनल ग्रंथींकडून आलेलं अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरक. लेट्रोझोलची गोळी अडवते ती हीच पायरी.

शेजारी एवढ्यावर थांबत नाहीत. ते एफजीएफ, आयजीएफ-१, एचजीएफ, आयएल-६, सीएक्ससीएल-१२ असे पेशींना संदेश देणारे कितीतरी रेणू सोडतात. त्यांतल्या काहींच्या संदेशाने कॅन्सरपेशीच्या आत ईआरच्या ११८व्या जागेवरच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि रिसेप्टर इस्ट्रोजेनवाचूनही अर्धवट जागा होतो. एमएपी कायनेज हे एन्झाइम हे काम करतं हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. काही संदेश तर ईआरच्या वाटेलाही जात नाहीत, बाजूच्या गल्लीतून पेशीला थेट विभागायला लावतात. खाऊ घालणं, आतून उठवणं आणि बाजूची गल्ली दाखवणं, हे तीन प्रकार एकमेकांपासून सोडवायचे तर आधी इस्ट्रोजेन अजिबात नसलेली डिश हवी. आमचा निम्म्याहून जास्त वेळ या शून्यावरच जातो.

ऊतीपासून सुरुवात करू. आचारसमितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र हाती असल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. ठाण्यातल्या ऑपरेशन थिएटरमधून फोन आला की पॅथॉलॉजिस्टने निदानाचा भाग काढून घेईपर्यंत थांबायचं. आपला वाटा नंतरचा. ५० मिलिलिटरच्या डबीत १५ मिलिलिटर थंड मीडियम (पेशींचं पोषक द्रव), जिवाणूंसाठी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन आणि बुरशीसाठी अँफोटेरिसिन. डबी बर्फावर ठेवायची, पण बर्फात गाडायची नाही, नाहीतर कडेचा भाग गोठतो. दोन तासांत प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक हूडखाली यायला हवी. एरवी कळवा-ऐरोलीमार्गे हे सहज जमतं. जुलैत विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की जमत नाही, म्हणून पावसाळ्यात नमुना दुपारी चारनंतरचा असेल तर आम्ही घेतच नाही. आणखी एक: ओटीतल्या मामांना डबी फॉर्मालिनमध्ये टाकायची वर्षानुवर्षांची सवय असते. एकदा तसं झालंही. फॉर्मालिन लागलेली ऊती आपल्या दृष्टीने मेली. तेव्हापासून झाकणावर लाल अक्षरांत "फॉर्मालिन नको" असं लिहिलेल्या डब्या आदल्या दिवशीच पोचवतो.

नोंद घ्यायची ती ईआरचा अहवाल, पाळीची स्थिती आणि शस्त्रक्रियेआधी केमो किंवा लेट्रोझोल झालं होतं का याची. केमो झालेल्या गाठीतले फायब्रोब्लास्ट वेगळे वागतात. त्यांना इतरांबरोबर एका रांगेत बसवू नये. तुलनेसाठी त्याच स्तनातला गाठीपासून दूरचा भाग मिळतो. त्याला आम्ही "नॉर्मल" न म्हणता "दूरचा" म्हणतो, कारण कॅन्सर झालेल्या स्तनात पूर्ण निर्दोष असं काही असतंच, यावर आमचा विश्वास नाही.

एक ग्रॅम ऊतीचे दोन स्काल्पेलनी एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करायचे. दहा मिलिलिटर मीडियम, त्यात ऊती विरघळवणारी एन्झाइमं, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कोलॅजिनेज आणि १०० युनिट हायलुरोनिडेज, ३७ अंशांवर हळू हलत रात्रभर. चौदा तासांच्या पुढे नेलं की पेशी जगतात, पण पृष्ठभागावरची प्रथिनं झिजतात आणि मार्करची (पेशी ओळखायच्या खुणांची) तपासणी फसते. सकाळी वर पिवळट चरबीचा थर आलेला असतो. तो सगळा काढायचा. स्टेरॉइडं (इस्ट्रोजेन त्यांतलंच) चरबीत विरघळतात, तेव्हा हा थर म्हणजे आपल्या शून्यात शिरलेलं गळकं पिंप. मग ८० जी (गुरुत्वाच्या ८० पट) वेगाने चार मिनिटं फिरवायचं: एपिथेलियमचे (अस्तराच्या पेशींचे) गठ्ठे खाली बसतात, फायब्रोब्लास्ट वर तरंगत राहतात. वरचं द्रव २५० जी वर पाच मिनिटं, तळाशी बसलेली पेलेट धुऊन फ्लास्कमध्ये. पाऊण तासात फायब्रोब्लास्ट चिकटतात, एपिथेलियमच्या पेशींना जास्त वेळ लागतो, म्हणून पाऊण तासाने न चिकटलेलं सगळं धुऊन टाकायचं. पहिल्या पॅसेजला, म्हणजे पेशी उचलून नव्या फ्लास्कमध्ये हलवताना, त्या सोडवणारं ट्रिप्सिनही दोन मिनिटांत थांबवायचं. फायब्रोब्लास्ट आधी सुटतात. खुणांपैकी व्हायमेंटिन (फायब्रोब्लास्टची) हवं, केराटिन (एपिथेलियमची), सीडी-४५ (रक्तपेशींची), सीडी-३१ (रक्तवाहिन्यांची) नकोत. अल्फा-एसएमए, म्हणजे गाठीतल्या फायब्रोब्लास्टची मानलेली खूण, असलं तर लगेच आनंदून जायचं नाही. का ते पुढे येईल.

कॅन्सरपेशींच्या बाजूला आमच्याकडे एमसीएफ-७. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) छातीतल्या पाण्यातून ती काढली गेली आणि १९७३ मध्ये जगापुढे आली. तेव्हापासून ती इतक्या हातांतून गेलीय की एमसीएफ-७ हे आता एका पेशीवंशाचं नाव उरलेलं नाही, आडनाव झालंय. २०१८ मध्ये २७ ठिकाणच्या एमसीएफ-७ ताडून पाहिल्या तेव्हा जनुकांत आणि औषधांना मिळणाऱ्या प्रतिसादात मोठे फरक निघाले. म्हणून शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणायचा नाही, एसटीआर तपासणी (पेशींची डीएनएवरून ओळख) करायची आणि एकाच बॅचच्या कुप्या वापरायच्या. मायकोप्लाझ्मा या सहज न दिसणाऱ्या जिवाणूची पीसीआर महिन्यातून एकदा.

आता शून्य.

पहिली गळती रंगाची. नेहमीच्या मीडियमचा गुलाबी रंग फिनॉल रेडचा. इलिनॉयच्या कात्झेनेलेनबोगेन दांपत्याच्या गटाने १९८६ मध्ये दाखवलं की हा रंग एमसीएफ-७ साठी सौम्य इस्ट्रोजेनसारखा वागतो. दोन वर्षांनी कळलं की दोष रंगाचा नाही, रंगातल्या भेसळीचा. आपल्याला दोन्ही सारखंच: मीडियम बिनरंगी घ्यायचं. यात लोक फसतात ते ट्रिप्सिनपाशी. मीडियम बिनरंगी असतं आणि ट्रिप्सिनची बाटली मात्र गुलाबी. तीही बदला, किंवा पेशी दोनदा नीट धुवा.

दुसरी गळती सीरमची, म्हणजे मीडियममध्ये घालतात त्या रक्तद्रवाची. एमसीएफ-७ ला जागं करायला १० पिकोमोलर इस्ट्राडायोलही (मुख्य इस्ट्रोजेन) पुरतं, म्हणून सीरममधलं संप्रेरक कोळशाने ओढून काढायचं. १०० मिलिलिटर सीरमला १ ग्रॅम नॉरिट कोळसा आणि ०.१ ग्रॅम डेक्स्ट्रान टी-७०, ५५ अंशांवर ३० मिनिटं हलवत, मग सेंट्रिफ्यूज, आणि पुन्हा ताज्या कोळशाने सगळं तसंच. फिल्टर आधी ०.४५ मायक्रॉनचा, नंतर ०.२२ चा, थेट ०.२२ लावला तर पन्नास मिलिलिटरलाच फिल्टर चोंदतो. थोडी काजळी तरीही सुटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती थरथरणाऱ्या काळ्या ठिपक्यांसारखी दिसते आणि नवीन मुलं कंटॅमिनेशन समजून अख्खी प्लेट फेकतात. ठिपक्यांची संख्या दुसऱ्या दिवशी वाढली नाही तर कोळसा, वाढली तर जिवाणू.

तिसरी गळती प्लास्टिकची. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या कंट्रोल पेशी संप्रेरक न देताच वाढू लागल्या होत्या. १९९१ मध्ये त्यांनी छापलं की सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांतून नॉनिलफिनॉल झिरपत होतं. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ऑटोक्लेव्ह केलेल्या पॉलिकार्बोनेट फ्लास्कमधून बिस्फिनॉल-ए निघतं हे पकडलं. आम्ही पॉलिकार्बोनेट ऑटोक्लेव्ह करत नाही आणि संप्रेरकांची द्रावणं काचेतच करतो. काचेला आणखी एक कारण आहे: स्टेरॉइड प्लास्टिकला चिकटतं, म्हणजे १ नॅनोमोलर समजून आपण त्याहून कमी देत असतो.

इस्ट्राडायोलचा रेणुभार २७२.४. २.७२ मिलिग्रॅम एक मिलिलिटर इथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलर. त्याचं हजारपट पातळ १० मायक्रोमोलर, आणि ते मीडियममध्ये दहा हजारांत एक टाकलं की १ नॅनोमोलर. इथेनॉल ०.०१ टक्का राहतं. तेवढंच इथेनॉल प्रत्येक कंट्रोल विहिरीतही (विहीर म्हणजे प्लेटमधला खळगा) पडलं पाहिजे.

एमसीएफ-७ तीन दिवस या बिनसंप्रेरकी मीडियममध्ये उपाशी ठेवायच्या, रोज मीडियम बदलून. एक दिवस ठेवलं तर पेशीत मुरलेलं इस्ट्रोजेन पुरतं निघत नाही आणि नंतर इस्ट्राडायोल दिलं तरी फरक पुसट दिसतो. पास-नापास ठरवणारी कसोटी अशी: फक्त इथेनॉल मिळालेल्या विहिरीत सहा दिवस पेशी जवळजवळ तितक्याच राहाव्यात आणि १ नॅनोमोलर मिळालेल्या विहिरीत कित्येक पट व्हाव्यात. हे होत नाही तोवर फायब्रोब्लास्ट फ्रीझरमधून बाहेर काढायचेच नाहीत.

शून्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कोळसा फक्त इस्ट्रोजेन ओढत नाही. कॉर्टिसोलही जातं, अँड्रोजेनही जातं. चरबीतल्या साध्या फायब्रोब्लास्टमध्ये अरोमॅटेजचं जनुक प्रोमोटर (जनुक चालू करणारी कळ) १.४ वरून चालतं आणि त्याला ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं संप्रेरक, लागतं. गाठीजवळ प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे तेच जनुक प्रोमोटर २ आणि १.३ वर सरकतं. म्हणजे कोळशाच्या सीरममध्ये दूरचे फायब्रोब्लास्ट ठेवले तर त्यांचं अरोमॅटेज मिटतं, आणि जे उरतं त्याला रूपांतर करायला अँड्रोजेनच नसतं. मग निष्कर्ष निघतो की फायब्रोब्लास्ट इस्ट्रोजेन बनवत नाहीत. हा निष्कर्ष आपल्या कोळशाचा, फायब्रोब्लास्टांचा नव्हे. त्यासाठी वेगळ्या विहिरींत १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन (कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड) आणि १० नॅनोमोलर टेस्टोस्टेरॉन द्यायचं. डेक्सामेथासोन एमसीएफ-७ ची वाढही मंदावतं, म्हणून ते एकट्या एमसीएफ-७ वरही लावायचं. आणि टेस्टोस्टेरॉनचा स्वतःचा परिणाम ओळखायला सोबत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनची विहीर, कारण अरोमॅटेज त्याचं इस्ट्रोजेन करू शकत नाही.

एकत्र वाढवायच्या पद्धतींपैकी फायब्रोब्लास्टांचं ४८ तासांचं मीडियम गाळून कॅन्सरपेशींना देणं सर्वात सोपं, आणि सर्वात कमी सांगणारं. त्यातलं ग्लुकोज संपत आलेलं असतं, म्हणून निम्मं ताजं मिसळावं लागतं, आणि शेजार दुतर्फा असतो ही गोष्ट त्यात हरवते. आम्ही ०.४ मायक्रॉनच्या जाळीचे इन्सर्ट, म्हणजे विहिरीत टांगायच्या छोट्या वाट्या, वापरतो. बारा विहिरींच्या प्लेटमध्ये खाली २० हजार एमसीएफ-७, वर ६० हजार फायब्रोब्लास्ट. पेशी ओलांडत नाहीत, रेणू ओलांडतात. एका विहिरीत इन्सर्टमध्ये फायब्रोब्लास्टऐवजी ६० हजार एमसीएफ-७ ठेवायच्या. नाहीतर दिसलेला परिणाम शेजाराचा की नुसत्या गर्दीचा, हे सांगता येत नाही. ही विहीर कित्येकजण वाचवतात. वाचवू नये.

दोन्ही पेशी एकत्र मिसळल्या तर एमटीटी ही रंगावरून पेशी मोजायची चाचणी बंद. ते दोघांना एकत्र मोजतं, शिवाय फायब्रोब्लास्टच्या संगतीने पेशीचं चयापचयच बदलतं, त्यामुळे रंग गडद झाला म्हणजे पेशी वाढल्या असं होत नाही. त्याऐवजी कॅन्सरपेशींवरच्या ईपीकॅम प्रथिनावरून फ्लो सायटोमेट्री, किंवा केराटिन आणि केआय-६७ (विभागणाऱ्या पेशीची खूण) यांचं दुहेरी रंगकाम.

मग येते अल्फा-एसएमएची गोष्ट. कल्चरचं प्लास्टिक गिगापास्कलच्या घरातलं कडक. स्तनाची निरोगी ऊती काही शे पास्कलची, गाठ काही किलोपास्कलची. प्लास्टिकवर बरेच पॅसेज काढलेला दूरचा फायब्रोब्लास्टही ताणून अल्फा-एसएमए दाखवू लागतो. गाठीतला आणि दूरचा यांतला फरक आपणच पुसतो आणि मग फरक सापडत नाही म्हणून हळहळतो. उपाय दोन: पॅसेज ३ ते ५ च्या आत प्रयोग, आणि शक्य तेव्हा कोलॅजनच्या जेलमध्ये.

जेलचं गणित: दहा मिलिलिटर, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम हवंय आणि उंदराच्या शेपटीचं कोलॅजन मिलिलिटरला ४ मिलिग्रॅमचं आहे. तर कोलॅजन ५ मिलिलिटर, दहापट तीव्र पीबीएस (क्षारांचं द्रावण) १ मिलिलिटर, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.११५ मिलिलिटर, आणि पेशींसह मीडियम ३.८८५ मिलिलिटर. सगळं बर्फावर, टिपाही थंड. एरवी पीएच जमलं की मिश्रण सामन माशासारखं गुलाबी दिसतं आणि काम भागतं. पण आपण फिनॉल रेड काढून बसलोय, तेव्हा डोळ्यांना काही कळत नाही. दहा मायक्रोलिटर पट्टीवर टाकून ७.२ ते ७.४ बघायचं. आम्ल राहिलं तर जेल नीट धरत नाही. विहिरीत ओतल्यावर ३७ अंशांवर पाऊण तास. कडा सोडवल्या तर फायब्रोब्लास्ट दोन-तीन दिवसांत जेल ओढून रुपयाच्या नाण्याएवढं करतात; मुठीत रुमाल चुरगाळावा तसं ते दिसतं. गाठीतले फायब्रोब्लास्ट सहसा जास्त ओढतात.

बिनरंगी मीडियमचा हा तोटा इन्क्युबेटरमध्येही भोवतो. गुलाबीचं पिवळं झालं की एरवी कळतं: कार्बन डायऑक्साइड जास्त झालाय, किंवा काही वाढलंय. इथे काहीच कळत नाही. शनिवारी सिलिंडर संपला तर सोमवारी सकाळी मीडियम दिसायला तसंच असतं, पेशी मात्र गोल झालेल्या. म्हणून शेजारी गुलाबी मीडियमची एक रिकामी प्लेट कायम ठेवतो, निव्वळ पहारेकरी म्हणून. जून ते सप्टेंबर एसीच्या डक्टमधून बुरशी येते; पाण्याच्या ट्रेमध्ये कॉपर सल्फेट आणि दर आठवड्याला पुसणं याला पर्याय नाही.

आता प्लेट वाचायची. इथेनॉलच्या विहिरीत एकट्या एमसीएफ-७ झोपलेल्या आणि फायब्रोब्लास्टशेजारच्या वाढलेल्या, हे दिसलं की औषधांच्या विहिरींकडे जायचं. लेट्रोझोलने वाढ थांबली तर शेजारी खाऊ घालत होते. लेट्रोझोलला दाद नाही, पण १०० नॅनोमोलर फुल्व्हेस्ट्रंटने थांबली, तर रिसेप्टर आतून उठवला जात होता. फुल्व्हेस्ट्रंट ईआरला मोडीतच काढतं, त्यामुळे तो कुणीही उठवला तरी हाती लागतो. दोघांनाही दाद नसेल तर बाजूची गल्ली. टॅमोक्सिफेन वापरायचं तर ४-हायड्रॉक्सी रूपात. मूळ गोळीतल्या रेणूचं ते रूप यकृत करतं, आणि डिशला यकृत नाही. याच्या जोडीला पीजीआर, टीएफएफ-१ आणि ग्रेब-१ या ईआरने चालू होणाऱ्या जनुकांची क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे याचं मोजमाप). पेशी वाढतायत पण पीजीआर खालीच, असं दिसलं तर ईआर कामावर नाही. फुल्व्हेस्ट्रंटने २४ तासांत ईआरची ६६ किलोडाल्टनची पट्टी खरंच गेली का, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनांच्या चाचणीवर) बघितल्याशिवाय "दाद नाही" लिहू नये. सेरिन ११८ चं फॉस्फेट पाहायचं तर नमुना १५ ते ३० मिनिटांत गोठवायचा.

बहुतेक प्लेटा इतक्या स्वच्छ वाचता येत नाहीत. तिन्ही प्रकार थोडे थोडे एकत्र असतात, आणि नमुन्यागणिक त्यांचं प्रमाण बदलतं. एकाच दिवशी, एकाच बॅचच्या एमसीएफ-७ वर लावलेल्या प्लेटमध्ये एका बाईच्या फायब्रोब्लास्टशेजारी फुल्व्हेस्ट्रंटने वाढ साफ थांबते आणि दुसरीच्या शेजारी चालूच राहते. म्हणून एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, मोजायचा तो स्त्रियांचा, विहिरींचा नव्हे. एका नमुन्याच्या बारा विहिरी म्हणजे एनची किंमत एकच. असा फरक दिसला की त्याच नमुन्याची पुढची कुपी काढून सगळं पहिल्यापासून लावायचं. त्यासाठी पॅसेज २ लाच किमान सहा कुप्या गोठवायच्या: कुपीला ५ लाख पेशी, १० टक्के डीएमएसओ, आणि लेबलावर नमुन्याचा क्रमांक, पॅसेज, तारीख आणि "गाठ" किंवा "दूरचा". लेबल पेन्सिलने लिहायचं. मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते.